तापाचं आधी सांगा

“सिस्टर, तुमच्या सुईनं पोरगं रातभर रडलं. आज आमचा कोयता फडात गेला न्हाई. खाडा कोण भरून देणार?”

बीडहून ऊसतोडीला आलेल्या टोळीतली ती बाई कोपीच्या दारात उभी होती आणि माझ्याकडं उत्तर नव्हतं. आदल्या दिवशी तिच्या बाळाला पेंटाव्हॅलंट लस मीच टोचली होती. ताप येईल हे मुद्दाम सांगितलं नव्हतं. सांगितलं तर नको म्हणेल, ही माझी हुशारी. पुढच्या महिन्यात माझी पेटी दिसताच त्या टोळीतल्या तिघींनी पोरं उसाच्या वाढ्याआड नेऊन बसवली.

साखर कारखान्याजवळच्या उपकेंद्रात मी बरीच वर्षं आरोग्यसेविका होते. अडाणी आईबाप लस नाकारतात, असं मीटिंगमध्ये ऐकलं की मला त्या बाईचा प्रश्न आठवायचा. तिचा हिशेब पक्का होता. उचल फेडायची तर खाडा परवडत नाही.

नंतर मी उलट्या बाजूनं बोलू लागले. आधी ताप. या लशीत डांग्या खोकल्याचे मेलेले जंतू असतात, ते ओळखताना अंग तापतं, मांडी सुजते, एक-दोन दिवसांत उतरतं. तापाच्या औषधाच्या थेंबांची बाटली हातात देऊन किती पाजायचं ते दाखवायचं. मांडीवर बाम, शेक काही नको. गार पाण्याची घडी चालेल. कारखाना सफाईला कधी थांबणार ते मुकादमाकडून काढून घ्यायचं आणि आदल्या दुपारी लस द्यायची.

‘पेंटा’ या शब्दानं मात्र कुणाच्या डोळ्यांत काही हलायचं नाही. एकदा ‘डांग्या’ म्हटलं आणि कोपीत पोरं सांभाळणाऱ्या म्हातारीनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. खोकून दाखवलं तिनं. एका दमात दहा-बारा ठसके, मग छातीचा भाता रिकामा झाल्यावर आत ओढलेला तो लांब ‘हूऽप’ आवाज. “माझा थोरला असाच गेला,” म्हणाली. सून तिच्याकडं बघतच राहिली. सुनेच्या पिढीनं हा आजार फारसा पाहिलेला नाही. 1978पासून सरकारी कार्यक्रमात डांग्याविरुद्धची त्रिगुणी लस आली, त्याचाच हा परिणाम. माझ्या तक्त्यांपेक्षा त्या म्हातारीचा खोकला जास्त कामी आला.

एक गोष्ट तिलाही ठाऊक नव्हती. अगदी तान्ह्या बाळाला तो ‘हूप’ येतोच असं नाही. त्याचा श्वासच थांबतो, ओठ निळे पडतात. म्हणून पहिला डोस दीड महिन्याला, मग अडीच आणि साडेतीन महिन्यांना. दीड ते दोन वर्षांत त्रिगुणीचा बूस्टर, पाच-सहा वर्षांना आणखी एक. नुसत्या सर्दीसाठी तारीख पुढं ढकलू नका.

टोळ्या दिवाळीनंतर येतात, गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात, डोस चुकतातच. चुकला म्हणून लाजून घरी बसू नका. पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. कार्ड बरोबर ठेवा. जिथं असाल तिथल्या उपकेंद्रात राहिलेला डोस मिळतो, आणि त्याचा एक रुपयाही पडत नाही.