‘द एव्हरग्रीन्स’ : एक घर आणि विभागलेली हस्तलिखिते

एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) या अमेरिकन कवयित्रीचा विचार ‘होमस्टेड’ या तिच्या पितृगृहाच्या संदर्भात केला जातो. तिच्या कवितेच्या संहितेचे भवितव्य मात्र बऱ्याच अंशी शेजारच्या घरात ठरले. मॅसॅच्युसेट्समधील ॲमहर्स्ट येथील हे घर म्हणजे ‘द एव्हरग्रीन्स’.

ऑस्टिन हा एमिलीचा भाऊ. लग्नानंतर त्याने गाव सोडू नये म्हणून एडवर्ड डिकिन्सन यांनी १८५६ मध्ये मुलासाठी व सून सुझनसाठी हे घर बांधविले. वास्तुरचनाकार होते विल्यम फेनो प्रॅट. चौकोनी मनोरा आणि रुंद, पुढे आलेल्या वळचणी ही त्याची इटालियन वळणाची वैशिष्ट्ये. ॲण्ड्र्यू जॅक्सन डाउनिंग यांच्या ग्रंथांमुळे ही शैली अमेरिकेतील सुस्थित कुटुंबांत रुजली होती. युरोपीय अभिरुचीशी नाते सांगणारे हे घर लवकरच गावाचे सांस्कृतिक केंद्र बनले. १८५७ मध्ये व्याख्यानासाठी आलेले इमर्सन येथेच उतरले होते. संपादक सॅम्युएल बोल्स यांचाही येथे राबता असे.

दोन घरांमध्ये एक पायवाट होती. त्या वाटेने एमिलीच्या अडीचशेहून अधिक कविता सुझनकडे गेल्या. सुझन ही तिची पहिली आणि जाणती वाचक होय.

१८८३ मध्ये आठ वर्षांचा गिल्बर्ट विषमज्वराने दगावला आणि घराची घडी विस्कटली. त्याआधीच, १८८२ पासून, ऑस्टिन आणि मेबल लूमिस टॉड यांचे प्रेमसंबंध सुरू झाले होते. एमिलीच्या मृत्यूनंतर धाकटी बहीण लव्हिनिया हिने हस्तलिखिते प्रथम सुझनकडे दिली. विलंब होताच ती टॉडबाईंकडे सोपविली. १८९० चा पहिला संग्रह टॉड व हिगिन्सन यांनी संपादित केला. ऑस्टिन १८९५ मध्ये वारला. पुढे जमिनीच्या एका पट्ट्यावरून लव्हिनिया व टॉड दांपत्य यांच्यात खटला झाला, १८९८ मध्ये निकाल लव्हिनियाच्या बाजूने लागला आणि टॉडबाईंनी आपल्याजवळची हस्तलिखिते पेटीत बंद केली. भाऊबंदकीत शेताची वाटणी व्हावी, तशी एका कवयित्रीच्या संहितेची वाटणी झाली.

‘एव्हरग्रीन्स’कडील वाटा सुझनची कन्या मार्था डिकिन्सन बियांकी हिने १९१४ पासून प्रकाशित केला, टॉड पक्षाकडील उर्वरित कविता १९४५ मध्ये बाहेर आल्या. पहिला वाटा १९५० मध्ये हार्वर्डला, दुसरा १९५६ मध्ये ॲमहर्स्ट महाविद्यालयाला मिळाला. दरम्यान, १९५५ मध्ये टॉमस जॉन्सन यांची समग्र आवृत्ती निघाली.

आपल्या वारसानंतर घर परक्यांच्या हाती जाण्यापेक्षा ते पाडावे, अशी मार्थाची इच्छा होती. वारसाच्या पत्नीने ते राखले. त्या १९८८ पर्यंत तेथेच राहिल्या. त्यामुळे आतील सामानसुमानही बव्हंशी टिकले. २००३ मध्ये दोन्ही घरे एका संग्रहालयात एकत्र आली.

घरे एकत्र आली, हस्तलिखिते मात्र आजही दोन संस्थांत विभागलेली आहेत. सुझनला ‘वाचक’ म्हणावे की ‘सहभागी’, हा पाठचिकित्सेतील वाद या विभागणीपासून अलग करता येत नाही. कोणत्या कागदाचा वारसा कोणत्या घराकडे गेला, हे पाहिल्यावाचून डिकिन्सनच्या संहितेचा इतिहास लिहिता येणार नाही.