आमच्या भाचीचा उमेदवार

उन्हाळ्याच्या सुटीत न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो. वर्षभर पेपर तपासून दमलेल्या माणसाने महिनाभर आराम करावा, एवढाच बेत. पण मामा म्हटला की भाचरांचा गृहपाठ त्याच्या नशिबी आलाच!

भाची आठवीत. एका संध्याकाळी भलामोठा पुठ्ठा काखोटीला मारून ती घरी आली आणि दप्तर टाकून कोपऱ्यात जाऊन बसली. चौकशीअंती कळले की, बाईंनी वर्गाला १८६० सालची अध्यक्षीय निवडणूक 'लढवायला' सांगितली होती. उमेदवार चार, गट चार. प्रत्येकाने आपल्या उमेदवाराचे पोस्टर रंगवायचे. गटांसाठी चिठ्ठ्या टाकल्या.

"मामा, मला लिंकन नाही मिळाला. ब्रेकिनरिज आला!"

हे गृहस्थ कोण, ते मलाही ठाऊक नव्हते. पुस्तक उघडले. जॉन ब्रेकिनरिज हा तेव्हाचा उपाध्यक्ष, वय अवघे ३९, दक्षिणेकडील डेमोक्रॅटांचा उमेदवार. गुलाम ही मालमत्ता. ती नव्या प्रदेशांत नेण्याचा मालकाचा हक्क सरकारने राखावा, हे त्याच्या पक्षाचे म्हणणे. लिंकनच्या पक्षाचा विरोध होता तो नेमका या विस्ताराला. डग्लस म्हणे, त्या त्या प्रदेशातील लोकांनीच काय ते ठरवावे. चौथ्या जॉन बेलने घटना आणि ऐक्य यांपलीकडे बोलायचेच टाळले. त्याच्या आडनावाचा अर्थ घंटा, म्हणून त्याच्या प्रचारातही घंटा! आपल्याकडची निवडणूक-चिन्हे आठवून मला हसू आले.

भाची मात्र हसली नाही. "इतक्या वाईट गोष्टीसाठी चांगलं पोस्टर कसं काढायचं?"

झाले! माझ्यातला मराठीचा प्राध्यापक जागा झाला. शब्द हा तर आमचा धंदा. मी म्हटले, "अगं, गुलामगिरी हा शब्दच घालू नकोस. घटना, हक्क, राज्यांची समानता असं लिही. त्याच्या बाजूच्या प्रचारातही हेच शब्द होते."

तासाभरात पोस्टर सजले. वर पंख पसरलेला गरुड, मधोमध घटनेचा कागद, खाली ठसठशीत अक्षरे. ताई पोळ्या लाटता लाटता डोकावली नि म्हणाली, "वा! मीसुद्धा मत देईन हो याला."

ती सहज बोलली. मी मात्र चपापलो. गुलामांना मुक्त करण्याच्या कार्याबद्दल अमेरिकेतील सदाचारी लोकांना जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' ग्रंथ अर्पण केला. तो ग्रंथ मी वर्गात समजावून सांगतो; आणि इथे तीच गुलामगिरी गोड शब्दांआड कशी दडवावी, याचे धडे देत बसलो होतो!

भाचीला मी जोतीरावांची ती अर्पणपत्रिका सांगितली. ती बराच वेळ गप्प राहिली. मग पुस्तक चाळून तिने पुठ्ठा उलटला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर काळ्या रंगाने लिहिले : '१८६० च्या शिरगणतीतील गुलाम - ३९,५३,७६०. यांचे हक्क?'

दुसऱ्या दिवशी तिने वर्गात आधी पुढची बाजू दाखवून मते मागितली म्हणे. बरेच हात वर झाले. मग पुठ्ठा उलटला. हात हळूहळू खाली आले. लिंकनच्या गटाने त्याला छान दाढी रंगवली होती. पण प्रचारात तो सफाचट होता, दाढी ठेवा असे ११ वर्षांच्या ग्रेस बेडेलने त्याला ऑक्टोबर १८६० मध्ये पत्राने कळवले होते, हेही भाचीनेच वर्गाला सांगितले!

खऱ्या निवडणुकीत लिंकनला शंभरात चाळीसहूनही कमी मते पडली; दक्षिणेतील दहा राज्यांत तर त्याच्या नावाच्या मतपत्रिकाच नव्हत्या. तरी तो निवडून आला. पुढे युद्ध पेटले आणि १८६५ साली घटनेतूनच गुलामगिरी हद्दपार झाली.

सुटी संपवून मी परतलो. हल्ली एखाद्या विद्यार्थ्याचा निबंध फारच सुंदर वाटू लागला, की गुण देण्यापूर्वी मी कागद उगीचच एकदा उलटून पाहतो.