चेंडूचा ठसा आणि नदीचा पूर

मंडळी, अनुमान म्हटलं की आपल्याकडे लगेच डोंगर येतो, धूर येतो आणि अग्नी येतो. शतकानुशतकं तो बिचारा डोंगर धुमसतोच आहे. आज त्याला विश्रांती देऊ आणि पॅरिसला जाऊ. तिथे दरवर्षी मेअखेरीपासून दोन आठवडे अनुमानाचे जाहीर प्रयोग चालतात, आणि लोक तिकीट काढून ते बघतात. मी फ्रेंच ओपन टेनिसबद्दल बोलतोय.

इतिहास थोडक्यात सांगतो. स्पर्धा १८९१ साली सुरू झाली, परदेशी खेळाडूंना खुली झाली १९२५ साली. १९२७ मध्ये फ्रान्सने अमेरिकेकडून डेव्हिस चषक जिंकला. पुढच्या वर्षी तो घरी राखायचा म्हणून १९२८ साली नवं स्टेडियम उभं केलं आणि त्याला रोलाँ गारोस या वैमानिकाचं नाव दिलं. १९१३ साली विमानाने भूमध्य समुद्र ओलांडणारा आणि १९१८ साली युद्धात मारला गेलेला हा माणूस. नावारूपाला आला तो विमानामुळे, टेनिसमुळे नव्हे.

आता माती. क्ले कोर्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तालमीतली तांबडी माती येते. ती ही नव्हे. तळाशी दगड, त्यावर खडी, त्यावर जळलेल्या कोळशाचा चुरा, त्यावर काही सेंटिमीटर दाबून बसवलेला चुनखडीचा थर, आणि सगळ्यात वर विटांची भुकटी. ही भुकटी जेमतेम एक-दोन मिलिमीटर. म्हणजे पाया पांढरा आणि लाल रंग वरचा नुसता हात! पण याच कोर्टावर चेंडू मंदावतो, उंच उसळतो, खेळाडू घसरत जाऊन फटका मारतात. राफाएल नदालने इथे १४ वेळा विजेतेपद मिळवलं. पीट सॅम्प्रससारख्या बलाढ्य खेळाडूला ते एकदाही मिळालं नाही. आणि आपल्या कामाची गोष्ट म्हणजे, या भुकटीवर चेंडूचा ठसा उमटतो.

चेंडू रेषेला केसभर जरी शिवला तरी तो आत. रेषेवरचा पंच ‘आउट’ ओरडतो, ते त्याचं प्रत्यक्ष. पण डोळ्याचं पातं लवेपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. खेळाडूने हरकत घेतली की मुख्य पंच उंच खुर्चीवरून उतरतो, चालत जातो आणि वाकून ठसा बघतो. चेंडू आता तिथे नाही, त्याचं कार्य तेवढं उरलेलं आहे. कार्यावरून कारणाकडे जाणाऱ्या या अनुमानाला नैयायिक ‘शेषवत्’ म्हणतात. त्यांचं नेहमीचं उदाहरण नदीचं आहे: नदीला पूर आलेला दिसला, तर वर कुठेतरी पाऊस झाला असणार.

यावर आक्षेप न्यायसूत्रांतच नोंदवलेला आहे. पूर पावसाशिवायही येऊ शकेल, पुढे कुठे पाणी अडलं असेल तरी नदी फुगेल. मग तुमच्या अनुमानाचं काय? उत्तर असं दिलंय की नुसतं फुगलेलं पाणी हा हेतू नव्हेच. ओढ वाढलेली, फेस आलेला, पानं-फळं-लाकडं वाहत येताहेत, असं विशिष्ट पाणी हा हेतू. बघा, पॅरिसचा पंच अगदी हेच करतो. कोर्टावर ठसे शेकडो असतात. त्यातला ‘हा’ ठसा ‘त्या’ चेंडूचा, हे आधी ठरवावं लागतं. वेगाने तिरपा आलेला चेंडू लांबट ठसा सोडतो, उंचावरून पडलेला गोलसर. दिशा जुळते का, ठसा ताजा आहे का? त्यात रेषेवर भुकटी जवळजवळ नसतेच, त्यामुळे ठशाचा तेवढा भाग दिसत नाही, तो मनाने पुरा करावा लागतो. ठसा ओळखता आला नाही, तर मूळ निर्णय कायम. आणि निर्णयाआधी खेळाडूने पायाने ठसा पुसला, तर त्याने मुद्दा सोडला असं धरतात. हा नियम मला फार आवडतो. पुरावा नष्ट करणाऱ्याला वाद घालता येत नाही!

पण पुरावा बघण्याचा अधिकार कुणाला? १९९९ ची अंतिम लढत आठवा. मार्टिना हिंगिस पहिला सेट जिंकून दुसऱ्यात २-० पुढे होती. तिचा एक फटका बाहेर दिला गेला. ती जाळीला वळसा घालून स्टेफी ग्राफच्या बाजूला गेली आणि ठसा दाखवू लागली. नियमाने ते चालत नाही. तिचा एक गुण कापला, प्रेक्षक उलटले, आणि सामना स्टेफीने जिंकला.

आता यंत्र आलंय. अनेक कॅमेरे चेंडू टिपतात, संगणक त्याचा मार्ग काढतो आणि निकाल सांगतो. पडद्यावरचं चित्र आपल्याला छायाचित्र वाटतं, पण ते गणिताने रेखाटलेलं असतं. म्हणजे यंत्रसुद्धा अनुमानच करतं, फक्त त्याचा हेतू आपल्याला दिसत नाही. आपल्यापर्यंत पोचतं ते शब्दप्रमाण. २०२५ साली माद्रिदच्या मातीवर अलेक्झांडर झ्वेरेव्हला ठसा बाहेर दिसत होता आणि यंत्र म्हणत होतं आत. पंचाला उतरून बघण्याची मुभा नव्हती. झ्वेरेव्हने सरळ मोबाइल काढून ठशाचा फोटो घेतला, आणि त्याला ताकीद मिळाली.

त्याच वर्षी विम्बल्डननेही रेषेवरचे पंच काढले. पॅरिसने ठेवले. यंत्र सरासरीने माणसापेक्षा कमी चुकतं, हे मला मान्य आहे. ठसाही फसवतो, भुकटी कुठे जाड असते, कुठे पातळ, आणि चेंडू टेकताना घसरतो. तरी मी पॅरिसच्या बाजूचा आहे. हरणाऱ्याला जमिनीकडे बोट दाखवून ‘हे बघा’ म्हणता येतं आणि पंचाला तिथपर्यंत चालत जावं लागतं, ही माझ्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. दोन-चार मिलिमीटरची अचूकता त्यासाठी मी सोडायला तयार आहे. तुम्ही नसाल, तर प्रश्नोत्तरांत जरूर भांडा.

जाता जाता १९८२ ची उपांत्य लढत सांगतो. मॅट्स व्हिलांडर, वय १७. शेवटच्या गुणावर होसे लुइस क्लर्कचा चेंडू बाहेर दिला गेला, सामना संपला. पण व्हिलांडरला तो आत वाटला होता. त्याने पंचांना गुण पुन्हा खेळवायला सांगितलं. तो पुन्हा खेळला गेला, व्हिलांडरनेच जिंकला, आणि पुढे स्पर्धाही. आपल्याच विरुद्ध जाणारी अशी साक्ष कुठल्या प्रमाणात बसवायची, ते पुढच्या वेळी आप्तवाक्याकडे वळू तेव्हा पाहू.