युद्ध, राज्यसत्ता आणि जपानी अ‍ॅनिमे

व्यंगचित्रपट म्हटला की तो मुलांच्या करमणुकीचा, ही समजूत आपल्या सुशिक्षित वर्गातही रूढ आहे. जपानात ज्यांस ‘अ‍ॅनिमे’ म्हणतात त्या चित्रपटांसही आपण तोच न्याय लावतो. त्यामुळे युद्ध व राजकारण यांचा गंभीर विचार करणाऱ्या काही उत्तम कृती शिक्षकांच्या दृष्टीआड राहिल्या आहेत. त्यांपैकी तिहींचा परिचय येथे करून देण्याचा आमचा मानस आहे.

ही कला मुळात युद्धविरोधी होती असे मात्र कोणी समजू नये. जपानचा पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमे म्हणजे मित्सुयो सेओ यांचा मोमोतारोवरील चित्रपट. तो १९४५ साली नौदलाच्या आश्रयाने प्रदर्शित झाला. त्यातील गोजिरवाणे प्राणी हवाई छत्र्यांनी उतरून परक्यांचा तळ काबीज करतात. बालमनास युद्ध गोड करून पाजण्याचाच हा प्रकार होता. पुढील पिढीने त्याच कलेकडून नेमके उलट काम करून घेतले.

त्या पिढीतील इसाओ ताकाहाता यांनी वयाच्या नवव्या वर्षी ओकायामावरील बाँबहल्ला अनुभवला होता. ‘काजव्यांची समाधी’ हा त्यांचा चित्रपट १९८८ सालचा असून तो अकियुकी नोसाका यांच्या १९६७ मधील कथेवर आधारलेला आहे. कोबे शहर जळून गेल्यावर उघड्यावर पडलेल्या भावाबहिणींची ही कहाणी आहे. तीत शत्रूचे तोंड जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती आप्तांची आटत जाणारी माया आणि त्या पोरसवदा भावाचा अभिमानही. तो अभिमान धाकट्या बहिणीस किती महागात पडतो, हे दिग्दर्शकाने झाकून ठेविलेले नाही.

दुसरी कृती योशियुकी तोमिनो यांची ‘गुंडाम’ ही ४३ भागांची मालिका. ती १९७९–८० मध्ये दूरचित्रवाणीवर दाखविण्यात आली. वरवर पाहता तीत यंत्रमानवांची झुंज आहे. परंतु पृथ्वीचे संघराज्य आणि त्यापासून फुटू पाहणारी अंतराळवसाहत यांच्या संग्रामात दोन्हीकडे माणसेच आहेत, आणि युद्धात ओढला गेलेला पोरवयाचा नायक विजयाने हर्षित न होता खचत जातो. ज्यांस वेळ थोडा आहे त्यांनी हिच्यावरून संकलित केलेले १९८१–८२ मधील तीन चित्रपट पाहावेत.

तिसरी व आमच्या मते सर्वांत विचारप्रवर्तक कृती म्हणजे योशिकी तानाका यांच्या दहा खंडांच्या कादंबरीवरील ‘आकाशगंगेतील वीरांची आख्यायिका’. हिचे ११० भाग १९८८ ते १९९७ या काळात निघाले. एका बाजूस कर्तबगार, न्यायी एकाधिपती राइनहार्ट. दुसऱ्या बाजूस लाचखाऊ पुढाऱ्यांनी पोखरलेले लोकराज्य व त्याचा सेनापती यांग वेन्-ली. इतिहासाचा अभ्यासक होऊ इच्छिणारा हा मनुष्य नाइलाजाने सैनिक झाला आहे. एका निर्णायक क्षणी विजय त्याच्या हाताशी येतो, तोच त्याच्या सरकारची शस्त्रसंधीची आज्ञा येते. ते सरकार भ्याड आहे हे तो जाणतो. तरीही आज्ञा पाळतो.

त्याने योग्य केले काय? नागरिकशास्त्राच्या पुस्तकातील व्याख्या पाठ करून या प्रश्नाचे उत्तर सापडणार नाही. सुशासन आणि स्वशासन यांत निवड करावी लागल्यास काय निवडावे, हा त्यातला खरा पेच आहे, आणि लेखकाने तो आपल्यासाठी सोडविलेला नाही. या मालिकेत भाषणे लांबलचक आहेत व स्त्रीपात्रांस वाव अल्प आहे, हे दोषही आम्ही नमूद करितो.

प्रौढपणा रक्तपाताच्या दर्शनात नसतो. प्रेक्षकास सोपा पक्ष न देण्यात तो असतो. या कसोटीस तिन्ही कृती उतरतात. शिक्षकांनी पहिला चित्रपट आधी स्वतः एकट्याने पाहावा, कारण तो लहान मुलांस सोसणारा नाही. तिसरी मालिका महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसमवेत थोडी थोडी पाहावी, आणि यांगच्या त्या निर्णयापाशी थांबून त्यांस बोलू द्यावे.