लिंबाच्या पानांवर नागमोडी रेषा? झाड मेलेलं नाही, विष मारू नका

सुरत : उधना, लिंबायत, डिंडोली भागात खान्देशातून आलेली कितीतरी कुटुंबं राहतात. अनेकांनी दारात, गच्चीवर किंवा जुन्या ड्रममध्ये लिंबाचं झाड लावलंय. पावसाळ्यात नवी पालवी फुटली की कोवळ्या पानांवर चांदीसारख्या चकचकीत रेषा उमटतात, पानं आकसतात. झाड गेलं असं वाटून मग औषधासाठी पळापळ सुरू होते.

ही करामत नागअळीची. शास्त्रीय नाव फिलोक्निस्टिस सिट्रेला. १८५६ मध्ये स्टेन्टन या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने तिचं पहिलं वर्णन केलं, तेही कलकत्त्याच्या नमुन्यांवरून. इवलासा पतंग कोवळ्या पानावर अंडी घालतो. अळी सालीखाली शिरून पान पोखरत जाते आणि शेवटी पानाची कड दुमडून कोषात जाते. उबदार हवेत हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकतं.

अळी पानाच्या आत असते, म्हणून वरून मारलेलं औषध तिच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. जून झालेल्या पानात तर ती शिरतच नाही. त्यामुळे चार-पाच वर्षांच्या झाडाच्या फळांना फारसा फटका बसत नाही. जपायचं ते लहान रोपाला. पोखरलेल्या जागेतून खैऱ्या रोगाचे जिवाणूही आत शिरतात.

काय करावं?

- युरिया बेताने द्या. खत जास्त झालं की पालवी वारंवार फुटते आणि अळीला खाऊ मिळतो.
- पालवीच्या दिवसांत छाटणी टाळा. कलमाच्या खालून आलेले फुटवे मात्र काढा.
- खराब दिसतात म्हणून सगळी पानं तोडू नका. हिरवा भाग झाडाला अन्न देतोच. लहान रोपावरची फार पोखरलेली मोजकी पानं तेवढी काढून नष्ट करा.
- पालवी फुटताच ५ टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी फवारा. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम निंबोळी पूड रात्रभर भिजवा, गाळा, थोडा साबण घाला. आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा.

गावाकडून कापसाच्या फवारणीचं उरलेलं औषध आणून घरच्या लिंबावर अजिबात मारू नका. ते लिंबू आपल्याच ताटात येतं, गच्चीवर मुलं खेळतात, आणि अळीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही त्यात मरतात.

तरीही शंका असेल तर दोन-चार पानं पिशवीत घालून सुरतच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवा.