खोकडाचा माळ

गवताळ माळावरच्या प्राण्यांचा आढावा घ्या, असं संपादकांनी सांगितलं, तेव्हाच मी ठरवलं की यातली बरीचशी जागा खोकडाला द्यायची. काळवीट, चिंकारा, लांडगा, तरस यांची बाजू मांडणारे आता पुष्कळ आहेत. काळविटांसाठी रेहेकुरीला 1980 साली अभयारण्य झालं, चिंकाऱ्यांसाठी सुप्याला 1997 साली. सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य 1979 सालचं, पण ते माळढोकाच्या नावानं. माळढोक दिसेनासा झाला तशी तिकडची वर्दळही ओसरली. लांडग्यासाठी पुण्याकडची तरुण मंडळी मनापासून झटताहेत. खोकडासाठी मात्र कुणी एक बांधही राखून ठेवलेला नाही.

पैठणच्या डाव्या कालव्यानं जालना जिल्ह्यातल्या आमच्या वडीगोद्रीच्या टापूचे दोन तुकडे केले. जायकवाडीचं धरण 1976 साली पुरं झालं, पुढे कालव्याला पाणी आलं आणि गोदावरीकडची जमीन ऊस, कापूस, मोसंबीला लागली. ज्यानं 1972 चा दुष्काळ सोसला तो या पाण्याला नावं ठेवणार नाही, मीही ठेवत नाही. पण कालव्याच्या वर, अंबडच्या अंगाला जी मुरमाड, कुसळी गवताची जमीन उरली, तिला आपण ‘पडीक’ म्हणून मोकळे झालो. तीच खोकडाची जमीन.

खोकड दोन-तीन किलोचं, मांजरापेक्षा थोडं थोराड, शेपटीचं टोक काळं. भारतीय उपखंडाबाहेर ते कुठेच नाही. नर-मादी जोडीनं राहतात. हिवाळ्यात जोडी जमते आणि साधारण फेब्रुवारी-मार्चात पिल्लं होतात. बीळ कसं ओळखायचं ते मला मेंढ्या राखणाऱ्या एका धनगरबाबांनी शिकवलं. ‘आधी लेंडी बघा, बीळ मागनं सापडतं,’ असं ते म्हणत. उंचवट्याच्या दगडावर मुद्दाम टाकलेली वाळकी विष्ठा त्यांनी काडीनं उकलून दाखवली होती. आत बोराच्या आठळ्या, भुंग्यांची चकाकती टरफलं, उंदराचे केस. पुढे थोड्या अंतरावर बिळाची तोंडं. एक वापरातलं, त्याची माती पायांनी गुळगुळीत झालेली; बाकीच्या तोंडांवर कोळ्याची जाळी. शेतातले उंदीर खाणारा, बोराचं बी लांबवर नेऊन टाकणारा हा प्राणी शेतकऱ्याच्या कामाचा आहे, हे बाबांना कुणी सांगावं लागलं नव्हतं.

नान्नजच्या माळावर वन्यजीव संशोधक अबी वनक यांनी खोकडांना रेडिओ कॉलर लावून अनेक महिने माग काढला. खोकड शेतापेक्षा गवताला धरून राहतं आणि कुत्रं जवळ असलं की समोरचं खाणंही टाकून देतं, हे त्या कामातून दिसलं. कुत्रं त्याला मारतं तेव्हाच नुकसान होतं असं नाही, नुसतं आसपास वावरलं तरी होतं. पुढे अनिरुद्ध बेलसरे यांच्यासह झालेल्या अभ्यासात गावातल्या बहुसंख्य कुत्र्यांच्या रक्तात डिस्टेंपर आणि पार्व्हो या विषाणूजन्य रोगांची लागण होऊन गेल्याच्या खुणा मिळाल्या. खोकडांमध्येही त्या होत्या. आमच्याकडे सोलापूर-धुळे रस्ता चौपदरी झाला, ढाबे वाढले, उष्टं वाढलं आणि त्यावर पोसलेल्या कुत्र्यांच्या टोळ्या माळावर चढल्या. रस्ता ओलांडताना मेलेलं खोकड दिसतं. डिस्टेंपरनं बिळात मेलेलं दिसत नाही.

हेच दुखणं पार दक्षिण अमेरिकेत आहे. चिलीच्या चिलोए बेटालगत चार्ल्स डार्विनला 1834 साली एक लहानसं, काळपट खोकड मिळालं. तिकडची ही खोकडं कुळानं आपल्या खोकडापेक्षा लांडग्या-कुत्र्यांना जवळची, पण डार्विनच्या त्या खोकडाला आज सर्वांत मोठी भीती मोकाट कुत्र्यांची आणि त्यांच्या डिस्टेंपरचीच आहे. फॉकलंड बेटांवरचा माणसाला न बुजणारा लांडगा नाहीसा होईल असं डार्विननं लिहून ठेवलं होतं. 1876 पर्यंत तो संपलाही. ब्राझीलच्या सेराडो माळावर उंच पायांचा, फळं खाणारा आयाळवाला लांडगा राहतो. तिथेही जंगल तेवढं राखायचं आणि माळ सोयाबीनला द्यायचा, हेच चाललं आहे.

आता झाडं लावणाऱ्या मंडळींशी माझं जुनं भांडण. 2019 साली राज्यात 33 कोटी रोपांचं उद्दिष्ट होतं. घाटात, ओढ्याकाठी, गावात लावा, मी टोपलं घेऊन येतो. पण माळावर जेसीबीनं चर खणून ग्लिरिसिडिया लावणं हा त्या जमिनीवर अन्याय आहे. हा माळ म्हणजे तोडलेलं जंगल, असं एक विद्वान मला दर सभेत ऐकवतात. पण आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी जुनं मराठी साहित्य धुंडाळून 2025 साली दाखवून दिलं की पश्चिम महाराष्ट्रातलं विरळ झाडांचं गवताळ रान निदान साडेसातशे वर्षांपासून तसंच आहे. हिवर, खैर, बाभूळ आणि मधे गवत. त्यात भरून काढायला काही रिकामं नाही.

या माळावरच्या गायरानाचा प्रश्न नाजूक आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांना जमीन मिळाली नाही त्यांनी गायरान कसलं, त्यांच्याविरुद्ध मी खोकडाला उभं करणार नाही. माझा राग उरलेल्या गायरानातून रातोरात मुरूम उपसणाऱ्यांवर आहे. पूर्वी मेंढ्यांचे वाडे माळावर बसत, चराईचा फेरा ठरलेला असे, गवताला श्वास मिळे. ते फेरे मोडले आणि माळाला धनी उरला नाही.

करायचं काय, हे मी ग्रामसभेत मांडलं आहे, इथेही मांडतो. कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजसोबत डिस्टेंपरचीही लस, तीही हिवाळा लागायच्या आत. ढाब्यांचं उष्टं उघड्यावर टाकायला बंदी. जानेवारी ते मे बिळांच्या आसपास ना चर, ना वणवा. आणि कालव्याच्या वरच्या गायरानाचा एक सलग तुकडा ठराव करून नुसत्या गवतासाठी राखायचा, चराईसकट. ठरावाचा मसुदा मी ग्रामपंचायतीत देऊन ठेवला आहे.