घाट उतरताना तहान विसरू नका

मे महिन्यात कोल्हापूरहून रत्नागिरीस निघालेल्या मोटारीत एक गोष्ट हमखास घडते. रंकाळ्यावर सकाळचा फेरफटका होतो, मलकापूर मागे पडते आणि मागच्या आसनावरील आजी पाणी नाकारतात. ‘तहान नाही’ म्हणतात. खरे कारण बहुधा निराळे असते. लघवीसाठी गाडी थांबवा, असे सांगण्याचा त्यांना संकोच वाटतो.

वयाबरोबर तहानेची जाणीवही मंदावते. आंबा घाटाच्या माथ्यावर वारा सुखद लागतो. साखरप्याकडे उतरताच हवा दमट होत जाते, घाम येतो पण लवकर वाळत नाही, म्हणून शरीर निवत नाही. त्यात रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर उभे राहताच भोवळ येऊ शकते. प्रवासाच्या दिवशी ती केव्हा घ्यावी, हे आधीच डॉक्टरांना विचारा. आपल्या मनाने बंद करू नका. हृदयाचा वा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाणही त्यांच्याकडूनच ठरवून घ्या.

सोबत्यांनो, आजींनी सांगण्याची वाट पाहू नका. दीड-दोन तासांनी, स्वच्छ शौचालय असेल तेथे, स्वतःहून थांबा आणि त्यांना चार पावले चालवा. कोकणात कोकम सरबताचा आग्रह होईलच; मधुमेहींनी त्यातील साखर विसरू नये.

आरे-वारेचा समुद्र उन्हे कलल्यावरच दाखवा. अंग तापून बोलणे असंबद्ध झाले, तर १०८ क्रमांकावर फोन करा, सावलीत नेऊन अंग ओले करा, वारा घाला. शुद्ध हरपत असल्यास तोंडाने पाणी देऊ नका.